ब्रुकलिनचे निष्ठावंत

न्यूयॉर्क नगरीचाच एक विभाग असलेल्या ब्रुकलिनमध्ये १९१३ साली एबेट्स फील्ड हे बेसबॉलचे मैदान खुले झाले. डॉजर्स हा धंदेवाईक संघ तेथे खेळे, आणि ऐन वेळी हरे. १९४१ ते १९५३ या काळात, अजिंक्यपदाच्या वार्षिक मालिकेत, त्याच नगरीतील यांकीज संघाने त्यास पाच वेळा धूळ चारली. तथापि रसिकांचा लोभ आटला नाही. ‘पुढच्या वर्षी पाहू!’ हा त्यांचा मंत्रच होऊन बसला. हिल्डा चेस्टर नावाची बाई स्वस्त बाकांवर बसून गाईच्या गळ्यातील घंटा घणघणवी. हौशी वादकांचा एक बेसूर ताफा पंचांची टर उडवी. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस मैदानात उतरविण्याचे धैर्य याच संघाने दाखविले.

अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजी तरुण जॉनी पॉड्रेसच्या गोलंदाजीपुढे यांकीज २-० असे हरले. ब्रुकलिन रात्रभर जागले!

पण संघ ही कायद्याने मालकाची मिळकत. रसिकाचा हक्क कोणत्या दप्तरी नोंदलेला असतो? मालक वॉल्टर ओ’मॅली यांना नव्या मैदानासाठी हवी ती जागा मिळेना. वस्तुतः संघ तोट्यात नव्हता. २४ सप्टेंबर १९५७ च्या तेथील शेवटच्या सामन्यास जेमतेम ६,७०२ प्रेक्षक आले, आणि डॉजर्सनी लॉस एंजेलिस गाठले. १९६० साली मैदान पाडण्यात आले. त्या जागी आता राहत्या इमारती आहेत.