श्विनचं नाव, मोटर कुणाची?

अमेरिकेत शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर ऑगस्टला एक प्रश्न हमखास येतो. कार परवडत नाही, बस तासाला एक, मग ई-बाईक घ्यायची तर कुठली? त्यावर कुणीतरी सीनियर ठरलेलं उत्तर देतो, ‘जुन्या, नावाजलेल्या सायकल कंपनीचीच घे.’ सल्ला वाईट नाही. पण ‘जुनी कंपनी’ म्हणजे नक्की काय, हे इतिहासाच्या माणसाला विचारलंत तर उत्तर थोडं लांबतं.

सुरुवात करू १८९५ पासून. त्या वर्षी शिकागोत इग्नाझ श्विन या जर्मन मेकॅनिकने ॲडॉल्फ अर्नोल्ड या भागीदाराबरोबर सायकल कंपनी काढली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, ओहायोतल्या ऑग्डेन बोल्टनला विजेच्या सायकलचं पेटंट मिळालं. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात. आजच्या स्वस्त ई-बाईकचं चित्र याहून फार वेगळं नाही! म्हणजे कल्पना जुनीच आहे. अडत होतं ते बॅटरीपाशी. शिशाची जड बॅटरी घेऊन पेडल कोण मारणार?

श्विनला मोटरचं वावडं नव्हतं, बरं का. त्याने आधी एक्सेलसियर ही मोटरसायकल कंपनी घेतली, मग १९१७ मध्ये हेंडरसन. पुढे महामंदी आली आणि १९३१ मध्ये त्याने मोटरसायकलचा धंदा एका फटक्यात बंद करून टाकला. कंपनी सायकलवर परतली. १९३३ मध्ये जाड, फुगीर टायरची सायकल आणली, आणि पुढची काही दशकं अमेरिकन मुलांच्या वाढदिवसाची सायकल म्हणजे श्विन असं समीकरण होऊन बसलं.

आता आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला भाग. १९८० मध्ये शिकागोच्या कारखान्यात संप झाला. श्विनने मग तैवानच्या जायंटकडे मोठ्या प्रमाणावर सायकली बनवायला दिल्या. जायंट १९७२ मध्ये सुरू झालेली कंपनी, तोवर दुसऱ्यांच्या नावाने माल बनवून देणारी. श्विनकडून तिला ऑर्डर मिळाल्या आणि अमेरिकन गिऱ्हाईकाला काय लागतं याचं शिक्षणही मिळालं. श्विन पुढे चीनमधल्या स्वस्त पुरवठादाराकडे वळली, तर जायंट स्वतःचं नाव लावून अमेरिकेत उतरली. १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००१ मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर नाव विकत गेलं, परत विकत गेलं, आणि आज ते पॉन या डच समूहाकडे आहे. गॅझेल आणि कॅननडेलही त्यांचेच. तेव्हा आज श्विनची ई-बाईक घेताना तुम्ही १८९५ चं नाव घेता, १८९५ चा कारखाना नाही. मला यात फसवणूक दिसत नाही, धंदा असाच चालतो. पण नावासाठी जादा पैसे मोजायचे असतील तर त्या बदल्यात काय मिळतं हे विचारायला हवं.

माझ्या मते दोन गोष्टी मिळू शकतात. पहिली, दुकान. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं, नांगर आणि कारखाना हे सगळं नंतरचं. तिथे सायकल विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. गावाला नवी असलेली वस्तू माणसासकट विकावी लागते, हे त्यांना कळलं होतं. ई-बाईकचंही तसंच आहे. ट्रेक (१९७६, विस्कॉन्सिनमधलं एक जुनं कोठार) किंवा स्पेशलाइझ्ड (१९७४, कॅलिफोर्निया) यांच्या फ्रेम आता बहुतांशी आशियात बनतात, पण गावोगावी डीलर आहेत. ऑनलाइन मागवलेली अनोळखी ई-बाईक अनेक दुकानं दुरुस्तीला हातसुद्धा लावत नाहीत. २०२३ मध्ये व्हॅनमूफ ही डच ई-बाईक कंपनी बुडाली तेव्हा गिऱ्हाइकांना प्रश्न पडला की ॲप बंद झालं तर आपलीच सायकल अनलॉक कशी करायची!

दुसरी गोष्ट, मोटर आणि बॅटरी. इथे सायकल कंपनीचं वय जवळपास बिनकामाचं. पेडल मारलं की मोटर साथ देते, ही व्यवस्था बाजारात पहिल्यांदा आणली यामाहाने, १९९३ मध्ये जपानात. ट्रेकच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये मोटर बॉशची असते, जायंटची मोटर यामाहाबरोबर विकसित झालेली. म्हणून रेंजमधली मॉडेल्स बघताना फ्रेमवरचं नाव नंतर वाचा, मोटरवरचं आधी. आणि बॅटरीसकट सगळी विद्युत यंत्रणा यूएल २८४९ प्रमाणित आहे का ते बघाच. न्यूयॉर्कमध्ये लिथियम बॅटरीच्या आगींत माणसं गेली, त्यानंतर सप्टेंबर २०२३ पासून तिथे प्रमाणित नसलेली ई-बाईक विकायला बंदी आहे. चौघांच्या अपार्टमेंटमध्ये, दाराजवळ रात्रभर चार्जिंगला लावायची वस्तू आहे ही. इथे दोनशे डॉलर वाचवू नका.

क्लासचा घोळ मात्र पटकन सुटतो. २००२ च्या केंद्रीय कायद्याने ७५० वॉटपेक्षा कमी मोटरची, नुसत्या मोटरवर ताशी २० मैलांच्या आत राहणारी, चालती पेडल असलेली गाडी ‘सायकल’ ठरली. पुढे २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने तीन क्लास केले आणि बऱ्याच राज्यांनी ते उचलले. क्लास १ पेडल मारल्यावरच साथ देते, २० मैलांपर्यंत. क्लास २ ला थ्रॉटल असतो. क्लास ३ पेडलच्या साथीने २८ पर्यंत जाते, पण अनेक पायवाटांवर तिला मनाई असते. कॅम्पस आणि किराणा एवढंच करायचं असेल तर रेंजमधली सगळ्यात साधी क्लास १ पुरते. सस्पेन्शनचे पैसे चांगल्या कुलपावर घालवा.

आणि शिक्षण संपल्यावर ती पुण्याला न्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. प्रवासी विमानात जास्तीत जास्त १६० वॉट-अवरची सुटी बॅटरी नेता येते, तीही एअरलाइनच्या परवानगीने. ई-बाईकची बॅटरी सहज त्याच्या तिप्पट असते. शिवाय भारतात नोंदणीतून सूट मिळते ती २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला. इथल्या जोमदार मोटरी त्यात बसत नाहीत. ऑगस्टमध्ये नवीन बॅच येते, त्यातल्याच कुणाला तरी विकून टाका, चार्जर आणि पावतीसकट.