काम रुग्णासाठी, की रुग्ण कामासाठी?

मनोरुग्णांना कामाला लावणे ही काही आजची गोष्ट नव्हे. इंग्लंडमध्ये १७९६ साली विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्याने यॉर्क येथे 'रिट्रीट' नावाचा आश्रम उघडला. तिथे मारझोडीऐवजी सौजन्य होते. बागकाम आणि शिवणकामही होते. पुढे एकोणिसाव्या शतकात मोठमोठी वेडालये उभी राहिली. तिथे शेती, धुणे, स्वयंपाक ही कामे रुग्णच करीत. त्यात कित्येकांचे मन रमे हे खरे, पण संस्थेचा खर्चही वाचे! काम रुग्णासाठी की रुग्ण कामासाठी, हे सांगणे कठीण होऊन बसले.

या प्रश्नाचे उत्तर बाल्टिमोरमध्ये शोधले गेले. १९१३ साली तिथे फिप्स क्लिनिक सुरू झाले. त्याचे प्रमुख डॉ. अ‍ॅडॉल्फ मायर यांचे म्हणणे असे, की मानसिक आजारात माणसाच्या दिवसाची घडीच विस्कटते. काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा ताल पुन्हा बसवणे हाच उपचार. एलेनॉर क्लार्क स्लेगल या बाईंनी तिथे त्यांच्या हाताखाली काम केले. स्वतःत पार मिटून गेलेल्या रुग्णांसाठी त्यांनी उठण्यापासून झोपेपर्यंतच्या सवयी पुन्हा लावण्याची पद्धत विकसित केली. १९१७ साली अमेरिकेत या विषयाची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या.

आपल्याकडे हे शास्त्र आणले कमलाबाई निंबकरांनी. या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर त्या इथल्याच झाल्या. १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे आशियातले पहिले विद्यालय सुरू केले. फलटणच्या 'कमला निंबकर बालभवन' या शाळेला त्यांचेच नाव आहे. आम्हा शिक्षकांना ती शाळा ठाऊक असते, बाईंचे हे काम मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले गेले आणि चित्र पालटले. भास-भ्रम आवरता येऊ लागले, माणसे घरी परतू लागली. मग कामाच्या उपचाराची गरज उरली का? उरली, आणि आता घरात उरली. आमच्या नात्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर घेतो, आवाज ऐकू येत नाहीत, मग हा नुसता बसून का राहतो? आळशी झालाय!" आळस नव्हे हो तो. स्किझोफ्रेनियात उमेद आणि एकाग्रताही जाते. गोळ्यांचा त्यावर फार थोडा परिणाम होतो. शिवाय काही गोळ्यांनी गुंगी येते, ती वेगळीच.

व्यवसायोपचार करणारी व्यक्ती इथून सुरुवात करते. 'नोकरी बघ' असे ती पहिल्याच दिवशी म्हणत नाही. साधा चहा घ्या. भांडे काढणे, पाणी मोजणे, क्रम लक्षात ठेवणे, उतू जाण्याआधी गॅस बंद करणे. यातली नेमकी कोणती पायरी अडते ते ती पाहते, आणि तेवढ्या पायरीला आधार देते. आज दहा मिनिटे, जमले तर पुढच्या आठवड्यात पंधरा. मग दोघातिघांत बसून काही करणे, मग कोपऱ्यावरून भाजी आणणे. काम रुग्णाच्या आवडीचे असावे लागते, कारण 'मला हे करायचे आहे' ही इच्छाच तर परत आणायची असते. नोकरी त्यातूनच पुढे येते. कुणाची लवकर, कुणाची उशिरा.

पहिली-दुसरीच्या मुलांना आम्ही पाटीवर अक्षर गिरवायला देत असू. ते काही शाळेला अक्षरे हवी असत म्हणून नव्हे. घरात असे कुणी सावरत असेल, तर त्याने केलेल्या चहाची चव बघू नका. तो आपणहून उठून ओट्यापाशी गेला, एवढे बघा. आणि तसे त्याला सांगाही.