चांदा जिल्ह्यातील वनविश्रामगृहे : पाहुणचार आणि वेठ

प्रस्तावना :

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वर्णनात 'दुर्गम' हे विशेषण इतक्या सहजपणे येते की, दुर्गम कोणाला, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. गोंड व माडिया समाजाचा हा स्वतःचा मुलूख होता. तो दुर्गम होता बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्याला. वनविश्रामगृह ही व्यवस्था याच अधिकाऱ्याच्या गरजेतून निर्माण झाली.

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने सातपुड्यातील पचमढी येथे 'बायसन लॉज' उभारले. प्रांताच्या डोंगराळ भागातील सरकारी निवासाचे हे आरंभीचे उदाहरण होय. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले निश्चित झाली, तपासणी वाढली व चांदा जिल्ह्याच्या जंगलातही दौऱ्याच्या वाटेवर मजल-दरमजल बंगले बांधले गेले. गडचिरोली १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता.

विश्रामगृहाचे स्वरूप :

उंच जोते, रुंद व्हरांडा, दोन खोल्या, मागे वेगळे स्वयंपाकघर आणि घोड्यांसाठी पागा, अशी या बंगल्यांची साधारण रचना असे. पावसाळा संपला की दौरे सुरू होत. अशा वेळी व्हरांडा हीच कचेरी बने. निस्ताराच्या तक्रारी, जनावरांच्या चराईचे वाद, लाकूडतोडीचे दंड यांचा निवाडा तेथेच होई आणि त्यासाठी आसपासच्या गावांना बोलावले जाई. साहेब खुर्चीवर व गावकरी अंगणात, हे अंतर केवळ चार पायऱ्यांचे नव्हते.

पाणी, सरपण, गवत, कोंबड्या, अंडी, दूध आणि सामान वाहणारी माणसे जवळच्या गावातून येत. मोबदला देण्याचा नियम होता. परंतु तो कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या हातून गावकऱ्यापर्यंत पोहोचेच असे नाही. वनग्रामांतील रहिवाशांना तर खात्याच्या कामावर येण्याच्या अटीवरच जमीन कसावयास मिळत असे. तेथे नकाराला फारसा अर्थ उरत नव्हता. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या आदिवासीविषयक अहवालात (१९४४) वेठीचा प्रश्न चर्चिला गेला आहे. १९५० मध्ये संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली.

मात्र बंगला आणि गाव यांच्यातील दुरावा कायद्याने मिटला नाही. १९८० नंतर गडचिरोलीत नक्षलवादी हिंसाचार वाढला, तेव्हा वनखात्याचे आगार व विश्रामगृहे जाळपोळीचे लक्ष्य झाली. जाळणाऱ्यांना वेठीचा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. पण त्या इमारतींकडे सत्तेचे चिन्ह म्हणूनच पाहिले गेले, हे स्पष्ट आहे.

ताडोबा परिसरात आज चित्र वेगळे दिसते. मोहर्लीस निवास, भोजन व समारंभांची सोय असलेली विश्रामधामे आहेत आणि स्थानिक तरुण तेथे वाटाडे, वाहनचालक म्हणून रोजगार मिळवतात. हा बदल लहान नाही. तथापि ज्या तारू या गोंड वीराच्या नावावरून ताडोबा हे नाव पडल्याचे सांगितले जाते, त्याचे ठाणे तलावाकाठी, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात आहे. पौष महिन्यात तेथे आदिवासींची जत्रा भरण्याची परंपरा आहे. ते भाविक कोणत्याही विश्रामगृहाचे पाहुणे नव्हते. मुक्काम उघड्यावर, शिदोरी घरची.