विहिरीतलं नायट्रेट आणि नागपूरची दोन मडकी

गेल्या महिन्यात वर्ध्याकडच्या मामेबहिणीशी फोनवर बोलत होतो. तिचं बाळ अडीच महिन्यांचं. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डब्याची पावडर सुरू केलीय, आणि पाणी घरच्या विहिरीचं. मागून मामीचा आवाज आला, "अरे, वीस मिनिटं उकळते मी पाणी. आता कशाची भीती?"

जंतूंच्या बाबतीत मामीचं शंभर टक्के बरोबर. नायट्रेटच्या बाबतीत मात्र नेमकं उलट. उकळताना पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट भांड्यातच राहतं. म्हणजे लिटरमागे त्याचं प्रमाण कमी होण्याऐवजी थोडं वाढतंच. पाणी तपासून घ्या आणि तोवर बाळासाठी दुसरीकडचं पाणी वापरा, एवढं तिला सांगितलं. पण डोक्यात किडा शिरला: विहिरीच्या पाण्यावर इतके साधे घरगुती उपाय निघाले, मग नायट्रेटवर का नाही? शनिवार-रविवार त्यातच गेला.

आपण नागपूरकर या बाबतीत नशीबवान. पाण्यावर आयुष्य घालवणारी माणसं आपल्याच गावात. १९५८ साली इथे सेंट्रल पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९७४ पासून तिला आपण नीरी म्हणतो. नीरीचं एक काम मला फार आवडतं, ते म्हणजे दोन मडक्यांची युक्ती. एक मडकं दुसऱ्यात ठेवायचं, दोघांनाही भोकं. आतल्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओली करून भरायची आणि हे सगळं विहिरीत पाण्याखाली मीटरभर सोडून द्यायचं. क्लोरीन हळूहळू झिरपत राहतं. साधारण ४,५०० लिटर पाणी असलेल्या छोट्या घरगुती विहिरीला हे दोन-तीन आठवडे पुरतं. ना वीज, ना मोटर! मेडिकलच्या पोरांना हे आजही पाठ्यपुस्तकात असतं.

दुसरं काम फ्लोराइडचं. १९७० च्या दशकातली नीरीची 'नालगोंडा पद्धत'. पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर टाकून ढवळायचं. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचे गुठळ्यांसारखे पुंजके होतात, ते फ्लोराइडला धरून खाली बसतात. वरचं पाणी घ्या, गाळ फेका.

आता नायट्रेटकडे वळू. जंतूसारखं ते जिवंत नाही, म्हणून क्लोरीनने मरत नाही. नेहमीचे त्याचे जवळजवळ सगळेच क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून तुरटीने ते खाली बसत नाही. जमिनीतल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. जंतू काही मीटर मातीत गाळले जातात, हे पठ्ठं मात्र पाण्याबरोबर थेट विहिरीत पोचतं. रंग नाही, वास नाही, चव नाही.

मग हे येतं कुठून? इथे इतिहास सुरू होतो, आणि तो आपल्या गावठाणातूनच जातो. आपल्याकडे शेतजमिनीला 'काळी' आणि गाव वसलेल्या जमिनीला 'पांढरी' म्हणतात. पिढ्यानपिढ्यांची राख, शेण, मूत, पडक्या भिंतींची माती साचून ती पांढरी झालेली असते. उजाड गावांच्या अशा टेकाडांची माती शेतकरी गाड्या भरभरून खत म्हणून नेत आले. बिहारमध्ये याच प्रकारच्या जुन्या वस्तीच्या मातीतून सोरा काढत, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यापासून बंदुकीची दारू होई, म्हणून डच आणि इंग्रज कंपन्या तो जहाजं भरून युरोपात नेत. जिथे माणसं आणि गुरं राहतात तिथली माती नायट्रेट तयार करते, हे नोनिया कारागिरांना कुठल्याही केमिस्टच्या आधी माहीत होतं.

केमिस्ट मंडळींना ते कळलं एकोणिसाव्या शतकात. लंडनमध्ये एडवर्ड फ्रँकलंड पाण्यातलं नायट्रेट मोजून त्यावरून पाण्याचा 'पूर्वीचा मैला' काढायचे. त्यांचं म्हणणं असं, की घाण आता दिसत नसली तरी तिचा नायट्रोजन नायट्रेट होऊन मागे राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर नायट्रेट ही पाण्याची लॉग फाइल. प्रोग्राम बंद झाला तरी नोंद शिल्लक! १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्झ यांनी वाळू-चुनखडीच्या नळीतून सांडपाणी झिरपू दिलं. काही दिवसांनी खालून नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, ते थांबलं. म्हणजे हे काम मातीतले सूक्ष्मजीव करतात.

पण तोवर नायट्रेट म्हणजे नुसती खूण. ते स्वतः घातक आहे हे पुढे आलं १९४५ साली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजलेली बाळं निळी पडल्याचं लिहिलं. पोटातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते हिमोग्लोबिन बिघडवतं आणि रक्त ऑक्सिजन पोचवेनासं होतं. मोठ्यांचं शरीर हे सावरतं, काही महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही. पुढे असंही दिसलं, की घाणेरड्या पाण्याने होणारा जुलाबही यात भर घालतो. अंगावरच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. धोका वरच्या दुधाचा, म्हणजे त्यातल्या पाण्याचा.

१९५१ मध्ये वॉल्टन यांनी अमेरिकेतल्या अशा केसेस गोळा केल्या. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या खाली (नायट्रोजन म्हणून मोजल्यास) एकही सापडली नाही. नायट्रेट म्हणून मोजलं तर हेच साधारण ४५ मिलिग्रॅम. भारतीय मानकातली मर्यादाही ४५ च आहे, आणि २०१२ च्या आवृत्तीत तिला कुठलीही सूट नाही.

आता थोडा हिशोब, त्याशिवाय माझा वीकएंड पूर्ण होत नाही. नीरीच्या मडक्याची ती ४,५०० लिटरची विहीर घ्या. लिटरला ४५ मिलिग्रॅम म्हणजे सगळं मिळून सुमारे २०० ग्रॅम नायट्रेट. त्यात नायट्रोजन साधारण ४६ ग्रॅम. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे उत्तर आलं १०० ग्रॅम युरिया. फक्त एक मोठी मूठ! विहिरीत पाणी येत-जात असतं, सगळा युरिया खाली उतरत नाही, पीकही घेतं, हे मान्य. पण ४५ किलोच्या गोणीत अशा ४५० मुठी असतात. आणि एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला अंदाजे चार किलो नायट्रोजन जातो. शोषखड्डा विहिरीशेजारी असेल तर बाकी हिशोब तुम्हीच करा.

आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणजे साठा लहान आणि उथळ. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि पहिल्या पावसात वरचं सगळं झपाट्याने खाली जातं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या जिल्ह्यांत वर्धा, अमरावती, यवतमाळ आणि बुलढाणा ही आपलीच नावं आहेत.

मग काढायचं कसं? घरी चालणारा मार्ग म्हणजे आरओ. चांगल्या स्थितीतला पडदा बरंचसं नायट्रेट अडवतो. साधा कँडल फिल्टर, कोळसा किंवा यूव्ही काहीही करत नाही. दुसरा मार्ग आयन-एक्स्चेंज: खास रेझिन नायट्रेट धरून ठेवतं, बदल्यात क्लोराइड सोडतं आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजं होतं. बाथरूमच्या जड पाण्यासाठी बसवतात तो सॉफ्टनर वेगळा, त्याचा इथे उपयोग नाही. तिसरा मार्ग जिवाणूंचा. ऑक्सिजन नसताना ते नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. यात नायट्रेट खरोखर संपतं, पण हे काम मोठ्या प्लांटचं, स्वयंपाकघरातलं नव्हे.

पहिल्या दोन मार्गांत नायट्रेट संपत नाही, फक्त बाजूला होतं. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर फेकतो, आणि अडवलेलं नायट्रेट त्या फेकलेल्या पाण्यात असतं. खेड्यात ते पाणी जातं मागच्या परसातल्या खड्ड्यात, आणि तिथून परत त्याच विहिरीत. जंतूंसाठी विहिरीत मडकं सोडून भागलं. इथे काम विहिरीच्या बाहेर, जमिनीवर आहे: उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या बाजूला, युरिया एकदम न टाकता पिकाला लागेल तसा हप्त्याहप्त्याने, विहिरीला कठडा आणि भोवती पक्का ओटा. पण भूजल धुऊन निघायला वर्षं लागतात. तोवर आरओ हवाच, निदान ज्या घरात तान्हं बाळ आहे तिथे तरी.

जाता जाता एक युनिटचा घोटाळा सांगतो. पाण्याचा रिपोर्ट हातात आला की आधी बघा, आकडा 'नायट्रेट' म्हणून दिलाय की 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून. पहिल्यात मर्यादा ४५, दुसऱ्यात १०. एखाद्या लॅबने दुसऱ्या पद्धतीने '२०' लिहिलं आणि तुम्ही ते ४५ शी ताडून पाहिलंत, तर दुप्पट नायट्रेट असलेलं पाणी तुम्ही निर्धास्तपणे बाळाच्या दुधात कालवाल. शंका असेल तर लॅबला फोन करून विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.