वडगावचा रस्ता आणि इष्टूर फाकडा

पिंपळे सौदागरहून जुन्या मुंबई रस्त्याने गेले, की तळेगावापुढे वडगाव लागते. तेथे महादजी शिंद्यांचे स्मारक आहे. राघोबादादांना घेऊन पुण्यावर निघालेली इंग्रज फौज १७७९ च्या जानेवारीत येथे कोंडली गेली. दाणावैरण तुटली, तह लिहून द्यावा लागला. वरिष्ठांनी तो पुढे नाकारला, हे ओघाने आलेच! पण माझे पाय अडतात ते दुसरीकडे. त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. जो मान मानाजी शिंद्यांना, तोच ‘फाकडा’ हा मान मराठ्यांनी या शत्रूला दिला. वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्याची समाधी दाखवितात. आणि लोक स्टुअर्ट म्हणत नाहीत, इष्टूर फाकडा म्हणतात.