अंतेवासी : गुरूजवळचा की गावाबाहेरचा?

आपल्या प्रशिक्षण शिबिरांच्या अर्जात 'निवासी' आणि 'अनिवासी' असे दोन रकाने असतात. कोण आत राहणार, कोण बाहेरून येणार, एवढाच त्याचा हेतू. पण आत-बाहेरचा हा प्रश्न आपल्या समाजासाठी कधीच साधा नव्हता. त्याचा इतिहास 'अंतेवासी' या एका जुन्या शब्दात सापडतो.

'अंत' म्हणजे शेवट, सीमा, तसेच सान्निध्यही. म्हणून 'अंते वसणारा' याचे दोन अर्थ झाले. एक, गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. दुसरा, गावाच्या सीमेवर राहणारा चांडाळ. ही आमची कल्पना नाही. अमरकोशात हा शब्द ब्रह्मवर्गात शिष्यासाठी आणि शूद्रवर्गात चांडाळासाठी आला आहे. शब्द एकच, पण एकाला गुरूचे घर आणि दुसऱ्याला वेस! उपनयनाचा अधिकारच नाकारलेल्यांना पहिला अर्थ मिळणार तरी कसा?

बाबासाहेबांनी 1948 साली 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात अंत्य, अंत्यज, अंत्यवासिन या शब्दांची चिकित्सा केली. सनातनी सांगत, अंत्य म्हणजे सृष्टीत शेवटी जन्मलेला. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा : त्यांच्याच सिद्धांतानुसार शेवटी जन्मलेला तो शूद्र, अस्पृश्य तर चातुर्वर्ण्याच्याच बाहेर. तेव्हा हा अंत सृष्टीचा नव्हे, गावाचा. म्हणजे शब्दात जन्माचा कलंक नाही, वस्तीची जागा आहे. आणि जागा माणसे ठरवतात, माणसेच बदलतात.

ती बदलून दाखवली बुद्धांच्या संघाने. पाली विनयात आचार्यांच्या शिष्याला 'अंतेवासिक' म्हणतात. महावग्गानुसार आचार्याने त्याला पुत्र मानावे, त्याने आचार्यांना पिता मानावे. आजारी पडल्यास दोघांनी एकमेकांची शुश्रूषा करावी. न्हावी उपाली, सफाई करणारा सुनीत यांना या संघाचे दार खुले होते. उपाली तर विनयातील सर्वश्रेष्ठ जाणकार ठरले.

1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. वेशीबाहेरच्या मुलांना शिक्षणाजवळ आणणे, हाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून मित्रांनो, वसतिगृहाच्या यादीत नाव न लागलेला, भाड्याच्या खोलीत चौघांसोबत राहून शिकणारा आपला विद्यार्थी केवळ 'अनिवासी' नाही. त्याला वेशीबाहेर ठेवायचे की जवळ आणायचे, हे आता आपल्याला ठरवायचे आहे.

जय भीम!