मॅकबुकवर विंडोज चालवताना लॅपटॉप तापतो? दुकानात नेण्याआधी हे तपासा

घरात लॅपटॉप मॅकचा आणि काम मात्र विंडोजचं, अशी अडचण बऱ्याच कुटुंबांत येते. मुलीला कॉमर्सच्या अभ्यासासाठी टॅली लागतं, अब्बांना जलशाचं उर्दू पत्रक इनपेजमध्ये करायचं असतं. ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजवर चालणारी. म्हणून मॅकवरच विंडोज टाकलं जातं. मग काही दिवसांनी पंखा जोरात फिरू लागतो, लॅपटॉप मांडीवर ठेवता येत नाही, बॅटरी भराभर उतरते. अशा वेळी घाबरून लगेच मोठ्या दुरुस्तीला पैसे देऊ नका. प्रोसेसरवर ताण कोण टाकतंय, हे आधी घरच्या घरी बघता येतं.

आधी ओळखा, आपला मॅक कोणता?

वरच्या कोपऱ्यातल्या ॲपलच्या चिन्हावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडा. तिथे इंटेल लिहिलंय की एम१, एम२ अशी चिप, ते पाहा. इंटेल मॅकवर बूट कॅम्पने विंडोज थेट टाकता येतं. २०२० च्या नोव्हेंबरपासून आलेल्या एम मालिकेच्या मॅकवर बूट कॅम्प नाही. तिथे पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्युजनसारख्या ॲपमध्ये विंडोज चालतं, तेही विंडोज ११ चं एआरएम रूप. म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम एकाच वेळी चालू असतात. थोडा जादा ताण तर येणारच.

आकडा नीट वाचा

इथेच बहुतेकांची गफलत होते. विंडोजचा टास्क मॅनेजर सगळे कोर मिळून १०० टक्के धरतो. मॅकचा ॲक्टिव्हिटी मॉनिटर प्रत्येक कोरचे १०० टक्के धरतो. त्यामुळे आठ कोरच्या मॅकवर विंडोजच्या ॲपसमोर २०० टक्के दिसले, तर त्याचा अर्थ आठपैकी दोन कोर कामात आहेत, एवढाच.

आता दोन्ही शेजारी उघडून बघा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर येतो. मॅकमध्ये कमांड आणि स्पेस दाबून ॲक्टिव्हिटी मॉनिटर शोधा.

- दोन्हीकडे आकडा मोठा असेल, तर दोष विंडोजमधल्या एखाद्या प्रोग्रामचा.
- विंडोज शांत, पण मॅकमध्ये पॅरलल्स किंवा फ्युजनचा आकडा मोठा, तर दोष त्या ॲपच्या सेटिंगचा.
- 'कर्नल टास्क' नावाची प्रोसेस वर दिसली, तर मॅक तापलाय. तापमान उतरावं म्हणून सिस्टिम स्वतःच इतर कामांना प्रोसेसर कमी देते. हे दुखणं नव्हे, दुखण्याचं लक्षण आहे. लॅपटॉप गादीवरून टेबलावर ठेवा, चार्जर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावून बघा.

दोष विंडोजमध्ये असेल तर

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो.

विंडोज अपडेट, सर्च इंडेक्सर किंवा अँटीमालवेअर सर्व्हिस दिसली तर घाई नको. नवीन विंडोज टाकल्यावर किंवा बऱ्याच दिवसांनी उघडल्यावर ही कामं साचलेली असतात. चार्जर लावून एक-दोन तास तसंच चालू ठेवा, कामं संपली की आकडा आपोआप उतरतो. अँटीव्हायरस बंद करून टाकणं हा उपाय नाही. मात्र डिफेंडर असताना दुसरा अँटीव्हायरस टाकला असेल, तर एकच ठेवा.

सुरुवातीलाच उघडणारे नको ते प्रोग्राम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागात जाऊन बंद करा.

'सिस्टिम इंटरप्ट्स' सतत वर असेल, तर बहुधा ड्रायव्हरची किंवा जोडलेल्या यूएसबी उपकरणाची भानगड असते. उपकरणं एकेक काढून बघा. इंटेल मॅकवर विंडोजमधलं ॲपल सॉफ्टवेअर अपडेट चालवून ड्रायव्हर नवे करा.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारी इनपेजची 'क्रॅक' कॉपी टाकली असेल, तर संशय तिथूनच सुरू करा. अशा कॉप्यांतून लपून प्रोसेसर वापरणारे प्रोग्राम येऊ शकतात. ती काढा आणि विंडोज सिक्युरिटीमधून फुल स्कॅन करा. दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू विनापरवाना वापरणं योग्य नाही, हे आपण मुलांना सांगतोच, ते सॉफ्टवेअरलाही लागू आहे.

दोष पॅरलल्स किंवा फ्युजनच्या सेटिंगमध्ये असेल तर

विंडोजला जास्त कोर, जास्त मेमरी दिली की ते वेगात धावेल, असं वाटतं. होतं उलटं. मॅकलाच श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि दोघंही अडखळतात. साधा नियम: निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. ८ जीबीच्या मॅकवर विंडोजला ४ जीबी, आठ कोरपैकी फार तर चार. हा बदल विंडोज पूर्ण बंद करून मगच करा.

ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या मेमरी विभागातला आलेख पिवळा किंवा लाल दिसला, तर मेमरी कमी पडतेय. मॅकमधले ब्राउझरचे टॅब बंद करा. त्यानंतर पॅरलल्स टूल्स किंवा व्हीएमवेअर टूल्स पुन्हा टाकून बघा. मॅकची सिस्टिम अपडेट केल्यावर हे ॲपही अपडेट करायला विसरू नका.

एम चिपवर इंटेलसाठी बनलेले प्रोग्राम भाषांतर होऊन चालतात, म्हणून प्रोसेसर जास्त खातात. प्रोग्रामचं एआरएम रूप मिळत असेल, तर तेच घ्या. जुन्या प्रिंटर-डोंगलचे ड्रायव्हर इथे चालत नाहीत. विकत घेण्याआधी विचारून घ्या.

बूट कॅम्प असेल तर

कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. त्याने इंटेलचा टर्बो बूस्ट सहसा थांबतो, वेग थोडा कमी होतो, पण उष्णता बरीच उतरते. पंख्याच्या छिद्रांतली धूळ जाणकाराकडून साफ करून घ्या.

सेकंडहँड इंटेल मॅक घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुख्य काम विंडोजचंच असेल, तर तेवढ्याच पैशांत विंडोजचा लॅपटॉप घेणं शहाणपणाचं.

दुकानात कधी न्यावं?

विंडोज पूर्ण बंद ठेवून, फक्त मॅक चालवतानाही तो तापत असेल किंवा बॅटरी फुगलेली वाटत असेल, तर उशीर करू नका. फुगलेली बॅटरी धोक्याची असते. मॅक एरवी थंड आणि फक्त विंडोजमध्येच गरम होत असेल, तर आधी वरचे उपाय करा. दुकानात जाताना ॲक्टिव्हिटी मॉनिटरचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या. आणि मुलांच्या प्रोजेक्टची कॉपी आधी पेनड्राइव्हवर घ्या. मशीन दुरुस्त होतं, गेलेली मेहनत परत मिळत नाही.